लिफ्ट झाली, आता टायर किती मोठे घालायचे? कोकणातल्या रस्त्यांचा हिशोब

लिफ्ट करून घेतली, म्हणजे उंच स्प्रिंग बसवल्या, की गाडी उंच होते हे बरोबर, पण एकदा खाली वाकून मागच्या एक्सलकडे बघा, मधला तो डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा गोळा आहे ना, तो होता तिथेच आहे. स्प्रिंग उंच झाल्या म्हणून चेसिस वर गेली, बॉडी वर गेली, पण एक्सल चाकांवर बसलेला असतो आणि चाकं जमिनीवर, त्यामुळे एक्सल वर उचलायचा एकच मार्ग उरतो, चाकच मोठं करा. आणि आपल्याकडे सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या वाटेत दोन चाकोऱ्यांच्या मधोमध जो कातळ वर आलेला असतो तो सगळ्यात आधी ह्याच गोळ्याला लागतो. मारुतीच्या जिमनीला पुढे मागे दोन्हीकडे सलग एक्सल आहे, म्हणजे डाव्या उजव्या चाकाला जोडणारं एकच अखंड नळकांडं, त्यामुळे दोन्हीकडे हीच गत. महिंद्राच्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वर खाली होतं, तिथला डिफरन्शियल चेसिसला लटकलेला असतो म्हणून लिफ्टबरोबर तो वर जातो, पण मागचा सलग एक्सल जागचा हलत नाही.

म्हणून लिफ्ट आणि टायर ही दोन वेगळी कामं आहेत. लिफ्टमुळे पोट आणि बंपर वर जातात, दाभोळच्या फेरीबोटीवर ओहोटीच्या वेळी चढवताना रॅम्पला बंपर घासत असेल तर तो प्रश्न सुटतो, आणि मोठ्या टायरला आत फिरायला जागा होते. एक्सलखालची खरी उंची मात्र टायरच देतो, आणि तीही निम्मीच. निम्मी का, तर टायरचा व्यास ४० मिमीने वाढला तर एक्सल २०च मिमी वर जातो, बाकीचे २० एक्सलच्या वरच्या बाजूला, मडगार्डकडे जातात. हा आकडा डोक्यात ठेवा, कारण दुकानात "दोन इंच मोठा टायर" ऐकलं की आपल्याला गाडी दोन इंच वर गेल्यासारखी वाटते, ती जाते एक इंच.

आता आकडे कसे वाचायचे ते बघू, कारण हे एकदा कळलं की दुकानदार काहीही सांगो, तुम्ही तिथेच मोबाइलवर हिशोब करू शकता. टायरच्या कडेला २५५/६५ आर १८ असं काहीतरी लिहिलेलं असतं, हा तीन दरवाजांच्या थारच्या वरच्या मॉडेलचा साइज. २५५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १६६ मिमी. १८ हा रिमचा व्यास, इंचात. साइडवॉल वर एक आणि खाली एक म्हणून दुप्पट करायची, ३३१.५ झाले, त्यात रिमचे १८ गुणिले २५.४ म्हणजे ४५७ मिळवले की ७८९ मिमी, जवळपास ३१ इंच. खालच्या मॉडेलला २४५/७५ आर १६ येतो तो ह्याच हिशोबाने ७७४ मिमी निघतो, म्हणजे रिम दोन इंच लहान असून टायर फक्त १५ मिमीने लहान, बाकी सगळं रबर. जिमनीचा १९५/८० आर १५ निघतो ६९३ मिमी. काही टायरवर ३१x१०.५ आर १५ असा जुना प्रकार दिसतो, तिथे हिशोबच नको, ३१ इंच उंच, साडेदहा इंच रुंद.

जिमनीवाले दोन साइजच्या मागे असतात. एक २१५/७५ आर १५, दुसरा २३५/७५ आर १५. पहिला ७०३ मिमी, म्हणजे व्यास १० मिमीने वाढला, एक्सल वर गेला ५ मिमी, म्हणजे उंचीसाठी म्हणाल तर काहीच नाही. तरी मी तो सुचवतो, कारण हा बोलेरोचा साइज आहे. राजापूर, लांजा, कणकवली, कुठेही रात्री टायर फाटला तर सकाळी पहिल्या उघडलेल्या दुकानात बोलेरोचा टायर मिळणार, आणि तो जिमनीच्या मूळ रिमवर बसतो. दुसरा २३५वाला ७३३ मिमी, ४० मिमीची वाढ, एक्सल २० मिमी वर, हा खरा फरक, ह्याच्यासाठी दोन इंची लिफ्ट करतात. पण इथे एक गोष्ट लोक विसरतात, जिमनीचा मूळ रिम साडेपाच इंच रुंद आहे आणि २३५च्या टायरला सहा इंचापासून पुढचा रिम लागतो, अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला तर मधला भाग फुगतो, मधलाच झिजतो आणि वळणात साइडवॉल डुगडुगते. म्हणजे टायरच्या बिलात रिमचं बिल धरा. आणि चार नाही, स्टेपनी धरून पाच.

थारवाल्यांचा आवडता २८५/७० आर १७, म्हणजे ज्याला सगळे "तेहतीस" म्हणतात. हिशोब केला तर ८३१ मिमी, ३२.७ इंच. वरच्या मॉडेलच्या मूळ टायरपेक्षा ४२ मिमी म्हणजे ५.३ टक्के मोठा. दिसायला बाकी जबरदस्त दिसतो, त्यात वाद नाही.

पण हे ५ टक्के गाडीत कुठे कुठे पोचतात ते बघा. चाक मोठं म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर, म्हणजे इंजिनाच्या नजरेतून सगळे गिअर ५ टक्क्यांनी लांब झाले. थारच्या डिझेलला ३०० न्यूटन मीटर टॉर्क आहे, ती कुरकुर करत नाही. जिमनीच्या दीड लिटर पेट्रोलला १३४ आहे, तिला २३५ घातला की फरक जवळजवळ ६ टक्क्यांचा होतो, आणि चार माणसं, मागे सामान आणि एसी लावून आंबा घाट चढताना जिथे तिसऱ्यात ओढत होती तिथे दुसरा टाकायला लागतो. ऑटोमॅटिक असेल तर ती बिचारी सारखी वर खाली करत बसते. फोर लो मध्येही, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्येही, तोच प्रकार, जिमनीचा लो गिअर वेग साधारण निम्मा करतो, तो मुळातच फार खोल नाही, त्यातून ६ टक्के गेले की कातळावरून अगदी हळू उतरवताना ब्रेकवर पाय जास्त ठेवायला लागतो. बाहेरच्या देशात लोक क्राऊन पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधले गिअर, बदलून हे भरून काढतात, आपल्याकडे हे पार्ट शोधण्यापेक्षा टायर एक पायरी लहान घेणं सोपं.

ब्रेकचंही तेच. पान्याला लांब पाइप लावला की त्याच हाताने घट्ट नट सुटतो ना, तसं चाकाची त्रिज्या वाढली की रस्ता चाकाला जास्त जोराने फिरवतो आणि ब्रेकला तेवढंच जास्त धरायला लागतं. वर टायरचं वजन. साध्या हायवे टायरच्या जागी जाड ऑफरोड टायर आला की एका चाकामागे ५ ते १० किलो सहज वाढतात, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं, शिवाय फिरणारं, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाईट. ते फिरवायला, थांबवायला आणि खड्ड्यातून वर आल्यावर परत खाली बसवायला शॉकअपला मेहनत पडते. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग हे सगळे आधी ज्या वेळेला जायचे त्याच्या आधी जाणार, हे गृहीत धरूनच चाला. फोंडा घाट उतरताना गिअरमध्ये उतरायची सवय नसेल तर मोठ्या टायरच्या आधी ती लावा.

स्पीडोमीटरचं गणित सोपं आहे, ५.३ टक्के मोठा टायर असेल आणि काटा ८० वर असेल तर गाडी मूळ हिशोबापेक्षा जास्त, ८४ ने चाललेली असते. मूळ मीटर थोडं जास्तच दाखवतात म्हणून काही वेळा उलट ते बरोबर येतं. ओडोमीटर मात्र कमी मोजतो, खरे ३४० किलोमीटर गेलात तर ३२३ दाखवेल, आणि मग "टायर बदलल्यावर मायलेज पडलं" म्हणून जी बोंब होते त्यातला काही भाग नुसता मोजमापातला असतो. बाकीचा भाग खरा असतो. मायलेज पडतंच.

पाचही टायर सारखे हवेत हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. पुढे नवीन मागे जुने, किंवा तीन एका कंपनीचे आणि एक वेगळ्या कंपनीचा, असं फोर व्हील ड्राइव्हला चालत नाही. एकाच साइजचे दोन कंपन्यांचे टायर मोजले तर व्यासात फरक निघतो. फोर हाय, म्हणजे नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद, टाकला की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधले जातात, चाकांचे व्यास वेगळे असतील तर कोणालातरी घसरावं लागतं, चिखलात ते घसरून जातं, कोरड्या डांबरावर ते ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढे मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर येतं.

आता घासण्याबद्दल, कारण लिफ्ट केल्यावर "आता घासणार नाही" हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. गाडी सपाट उभी असताना लिफ्टमुळे टायरच्या वर हातभर जागा दिसते. पण खड्ड्यात चाक पूर्ण वर गेलं की ते बंपस्टॉपला, म्हणजे आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्याला लागेपर्यंत जातंच, लिफ्ट असो वा नसो, आणि तेव्हा टायर जिथे पोचायचा तिथे पोचतो. लिफ्टबरोबर बंपस्टॉप लांब केले नसतील तर त्या शेवटच्या क्षणी काहीही बदललेलं नाही. दुसरी जागा म्हणजे स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर, पुढे बंपरचा कोपरा आणि मागे, ड्रायव्हरच्या पायापाशी, बॉडीचा कोपरा, आणि आतल्या बाजूला कंट्रोल आर्म किंवा अँटीरोल बार.

हे तपासायला गॅरेज लागत नाही. वाडीत घरासमोर चिऱ्यांचा ढीग असतोच, दोन तीन चिरे नीट रुंद रचून त्याचा चढ करा, एक पुढचं चाक त्याच्यावर चढवा, हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकांना दगड. मग स्टीअरिंग एका टोकाला वळवून बाहेर या आणि टॉर्च घेऊन मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक बघा. लाल मातीने ते सगळं विटकरी झालेलं असतं, आणि जिथे टायर लागतो तिथे बोटभर रुंदीचा काळा, चकचकीत पट्टा दिसतो, हात लावला तर गुळगुळीत लागतो. नुसतं प्लॅस्टिक चकाकलं असेल तर ड्रायरने गरम करून मागे दाबता येतं. पत्र्याची कड उघडी पडली असेल, किंवा ब्रेकच्या नळीजवळ पट्टा असेल, तर तो टायर त्या गाडीला नको. त्याच वेळी ब्रेकची रबरी नळीही बघा, दुसरं चाक पूर्ण खाली लटकलं की ती ताणली जाते का, लिफ्ट किटमध्ये लांब नळी दिली नसेल तर ती तारेसारखी ताठ झालेली दिसते.

लिफ्टमुळे अजून दोन गोष्टी बिघडतात आणि दोष टायरला दिला जातो. सलग एक्सलच्या गाडीत पुढचा एक्सल थोडा फिरतो, कॅस्टर अँगल, म्हणजे स्टीअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, मग सरळ रस्त्यावर गाडी भरकटते, स्टीअरिंग वळणानंतर आपोआप परत येत नाही, आणि मोठं जड चाक असेल तर एखाद्या खड्ड्यानंतर पुढचं सगळं थडथड हलायला लागतं, ब्रेक मारून जवळजवळ थांबेपर्यंत हलतच राहतं. त्यावर उपाय कॅस्टर दुरुस्त करणारे बुश किंवा आर्म. दुसरं, एक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे एक्सल एका बाजूला सरकतो, मग एक टायर मडगार्डच्या बाहेर जास्त दिसतो. थारसारख्या गाडीत पुढे ह्याच्या जागी ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट तिरके चालतात आणि त्यांची रबरी बुटं फाटतात. बूट फाटलं की ग्रीस बाहेर, लाल चिखल आत, आणि जॉइंटचं आयुष्य मोजकं.

रुंदीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मी सगळ्यांशी भांडून सांगतो. कोकणात उंच घ्या, रुंद घेऊ नका. आपल्याकडचा पावसाळ्यातला चिखल कसा असतो, वर चार बोटं लाल माती आणि खाली टणक जांभा. अरुंद टायर ती चार बोटं कापून खाली कातळाला जाऊन भिडतो आणि तिथे पकड मिळते, रुंद टायर वरच्या वर तरंगतो. खोल, तळ न लागणारा चिखल आपल्याकडे फक्त भाताच्या खाचरात असतो, आणि चिखलणी केलेल्या खाचरात गाडी घालणाऱ्याला टायरची नाही, दुसऱ्याच कसल्यातरी गरज आहे. दुसरं कारण पाऊस. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, आंबोलीला तर ७००० च्या आसपास, आणि आपण बहुतेक वेळ ओल्या डांबरावर नाहीतर हायवेच्या ओल्या काँक्रीटवर असतो. रुंद टायरला समोरचं पाणी बाजूला सारायला वेळ कमी मिळतो, तो लवकर पाण्यावर चढतो आणि स्टीअरिंग एकदम हलकं होतं. तिसरं, वाडीतल्या वाटा. दोन्हीकडे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, एक बाइक समोरून आली तर दोघांपैकी एकाला मागे जायला लागतं, तिथे दोन्ही बाजूंनी दोन दोन इंच बाहेर आलेले टायर कशाला हवेत? त्या गडग्याचा सुटा चिरा बरोबर साइडवॉलच्या उंचीवर असतो.

म्हणून थारच्या सोळाच्या रिमवाल्याने २३५/८५ आर १६ मिळतो का ते जरूर बघावं. ८०६ मिमी, म्हणजे मूळ २४५/७५ पेक्षा ३२ मिमी उंच आणि वर १० मिमी अरुंद. दुकानात लगेच मिळेलच असं नाही, मागवावा लागतो, आणि दिसायला थोडा सायकलसारखा दिसतो हे मान्य.

वाळूला तरी रुंदच लागतो ना, असा प्रश्न येणारच. वाळूत रुंदीपेक्षा हवा महत्त्वाची. एका चाकावर ४२५ किलो भार धरा. ३५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ अडीच किलो, म्हणजे टायर जमिनीला साधारण १७० चौरस सेंटिमीटर टेकणार. हवा १८ पर्यंत उतरवली की तोच टायर ३३० पर्यंत टेकतो, जवळपास दुप्पट, आणि ही वाढ मुख्यतः लांबीत होते, टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट टेकतो. साइडवॉलही थोडा भार धरते त्यामुळे आकडा इतका नेमका येत नाही, पण दिशा हीच. रुंद टायर ३५ वर ठेवून आत शिरलेला चाकाखाली पाटा टाकून खणत बसतो आणि मूळ टायरवाला १८ वर शांतपणे निघून जातो. मऊ वाळूला १५ ते १८, चिखलाला २० ते २२, पण मग वेग अगदी कमी आणि झटक्याने वळवायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. बाहेर डांबरावर यायच्या आधी परत भरायची. त्यामुळे मोठ्या टायरच्या आधी एक चांगला कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं मीटर घ्या, हा खर्च सगळ्यात वसूल होतो.

हे वाचून लगेच पुळणीवर जाऊ नका मात्र. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी घालायला बंदी आहे, पोलीस गुन्हा दाखल करतात, आणि दर सुट्टीला कोणीतरी भरतीच्या पाण्यात गाडी अडकवून ट्रॅक्टर नाहीतर जेसीबी शोधत असतं. वेळास, आंजर्ले, गुहागर ह्या बाजूला थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, ती वाळूखाली असतात, वरून काही दिसत नाही. आणि खारं पाणी एकदा ब्रेकच्या आत आणि चेसिसच्या पोकळीत गेलं की वरून पाणी मारून पूर्ण निघत नाही. वाळूचा हिशोब मी सांगितला तो परवानगी असलेल्या जागेसाठी, आणि खाडीकाठच्या रेताड वाटांसाठी, तिथे तो रोज लागतो.

टायरचा प्रकार. हायवे टायर म्हणजे एचटी, सगळीकडचा म्हणजे एटी, चिखलाचा म्हणजे एमटी. एमटीचे ठोकळे मोठे आणि मधली खोबण रुंद, चाक फिरलं की त्यातला चिखल स्वतःच बाहेर फेकला जातो, त्याचं काम तो उत्तम करतो. पण त्या मोठ्या ठोकळ्यांवर बारीक काप कमी असतात, ओल्या काँक्रीटवर ब्रेक मारला की गाडी तेवढ्या अंतरात थांबत नाही, आणि ८० च्या वर घुंईं आवाज सुरू होतो तो गणपतीला मुंबईहून येणाऱ्या घरच्यांना पनवेलपासून घरापर्यंत ऐकायला लागतो. ज्याची गाडी वर्षातले बहुतेक दिवस रस्त्यावर आणि कधीतरी बागेत, धरणाच्या कडेला, सड्यावर जाते, त्याला एटीच. आंब्याच्या दिवसात कलमांच्या बागेतून पेट्या रस्त्यापर्यंत आणायच्या असतात त्यालासुद्धा एटीच पुरतो, कारण तेव्हा जमीन कोरडी असते. खरा एमटीवाला मला आपल्या भागात फार क्वचित दिसतो.

एटीमध्येही साइडवॉल बघून घ्या. जांभ्याची तुटलेली कड धारदार असते आणि ती टायरच्या तळव्यापेक्षा कुशीत जास्त घुसते. तळव्यातलं पंक्चर प्लग किंवा मशरूम लावून निघतं, कुशीतला काप निघत नाही, टायर गेला. इथे एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला जाड टायर उपयोगी, त्याला आत जास्त थर असतात. पण तो जड असतो, कडक असतो, आणि तेवढाच भार उचलायला त्याला साध्या टायरपेक्षा हवा जास्त लागते, म्हणून दरवाजाच्या पट्टीवर लिहिलेली हवा जशीच्या तशी भरू नका. नवीन टायरला किती हवी हे शोधायचा जुना उपाय म्हणजे खडू, टायरच्या तळव्यावर आडवी जाड रेघ ओढा, सपाट रस्त्यावर पन्नासेक मीटर सरळ चालवा आणि उतरून बघा. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडांची पुसली तर कमी, सगळी सारखी पुसली तर जमलं. साइजच्या शेवटी जो आकडा आणि अक्षर असतं, समजा १०४ एस, त्यातला १०४ म्हणजे एका टायरची भार उचलायची ताकद, ९०० किलो, आणि हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी कधीच नको.

आता कायदा, जो बोलायला कोणाला आवडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नाक्यावर रोज कोणी टेप घेऊन टायर मोजत नाही हे खरं, पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर नक्की मोजतो, आणि मडगार्डच्या बाहेर आलेला टायर त्याला लांबूनच दिसतो. वॉरंटीतल्या गाडीचं स्टीअरिंग किंवा शाफ्ट गेला तर कंपनी काय म्हणेल ते वेगळं सांगायला नको. म्हणून चाक बाहेर काढणारे स्पेसर आणि तेच करणारे उलट्या ऑफसेटचे रिम मी कोणालाच सुचवत नाही, त्यांनी बेअरिंगवरचा ताण वाढतो, प्रत्येक खड्डा स्टीअरिंगला हिसका देतो आणि दारं हँडलपर्यंत लाल होतात.

माझ्याकडे कोणी विचारायला आलं तर मी आधी विचारतो, शेवटचं कधी आणि कुठे अडकलास? दहातल्या बहुतेकांचं उत्तर "अडकलो नाही अजून" असं असतं. मग मूळ साइजचा एटी घे, संपलं. लिफ्ट आधीच झालेली असेल आणि चाकांभोवती रिकामं रिकामं दिसतंय एवढंच दुखत असेल, तर एक पायरी वर, जास्तीत जास्त ३ टक्के, ह्यात गिअर, ब्रेक, मीटर कशालाच फारसा धक्का लागत नाही. ५ टक्क्यांपर्यंत तोच जाऊ दे ज्याचा डिफरन्शियल खरंच दगडाला लागतोय, त्याचे ओरखडे मला खाली झोपून दाखवता आले पाहिजेत.

दुकानात गेलात की टायर घेण्याआधी तारीख बघा, कडेला लंबगोलात चार आकडे असतात, २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ऑफरोड साइज कमी खपतात, त्यामुळे दुकानात पडून जुने झालेले टायर गळ्यात मारले जायची शक्यता जास्त. पाचही टायरच्या तारखा बघा, एकाची बघून समाधान मानू नका. पाचवा कुठे लावणार तेही तिथेच ठरवा. थार आणि जिमनीचं स्टेपनी मागच्या दारावर असतं आणि ते दार, ती बिजागरी मूळ चाकाच्या वजनासाठी बनवलेली आहे. कुडाळच्या बाजूचे एक टायरवाले काका तेहतीसचं चाक हातात तोलून गिऱ्हाइकाला म्हणाले होते, "मेल्या, हो टायर दाराक लावलंस तर दार हातात येतला." आधी आवाज यायला लागतो, मग दार बंद करताना उचलून लावायला लागतं. त्याला वेगळा आधार करून घ्या किंवा चाक आत ठेवा.

बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी. लिफ्ट झालेल्या गाडीची अलाइनमेंट करणाऱ्याला आधी सांगा की लिफ्ट आहे, म्हणजे तो कॅस्टरचा आकडा छापून देईल, नुसतं टो, म्हणजे चाकं आत बाहेर किती वळलीत ते, जुळवून सोडणार नाही. नट गनने मारून देतात, ते पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने परत तपासून घ्या, विशेषतः नवीन अलॉय असतील तर. आणि पाचव्या टायरलाही फिरवाफिरवीत घ्या, तो दारावर नुसता उन्हात सुकत राहिला तर चार वर्षांनी लागेल तेव्हा तो एकटाच उंच आणि कडक असतो, आणि फोर व्हीलमध्ये लावायच्या कामाचा राहत नाही.